तुकडा न काढता निदान? रामन परिणाम आणि आपल्या ऊती

“डॉक्टर, तुकडा काढल्याशिवाय कळणारच नाही का?”

बायोप्सीचा सल्ला दिला की बहुतेक पेशंट हा प्रश्न विचारतात. गालाच्या आतला पांढरा चट्टा असो किंवा स्तनातली गाठ, सुईची भीती असतेच. त्याहून मोठी भीती असते ती ‘तुकडा काढला की कॅन्सर पसरतो’ या ऐकीव गोष्टीची. अलीकडे तिच्या जोडीला मोबाइलवर फिरणाऱ्या बातम्या आल्या आहेत. भारतीय शास्त्रज्ञाच्या शोधावर आधारलेलं नवं तंत्र आलं आहे, लेसरचा झोत टाकला की सेकंदात कॅन्सर कळतो, आता बायोप्सीची गरज नाही, अशा आशयाच्या.

यातलं अर्धं खरं आहे. शोध भारतीय आहे आणि ऊतीवर लेसर टाकून तिच्यातली रसायनं ओळखता येतात, हेही खरं. मात्र बायोप्सीची जागा या तंत्राने अजून घेतलेली नाही. शोध लागून शंभर वर्षं होत आली, मग घोडं कुठे अडलं? हे समजायला थोडा इतिहास पाहावा लागेल. त्याची सुरुवात एका डॉक्टरपासूनच होते.

बोबाझार स्ट्रीटवरची संस्था

डॉ. महेंद्रलाल सरकार १८६३ साली कलकत्ता मेडिकल कॉलेजातून एम.डी. झाले. काही वर्षांतच ते होमिओपॅथीकडे वळले आणि त्यावरून शहरातल्या डॉक्टरांचा त्यांनी मोठा रोष ओढवून घेतला. रामकृष्ण परमहंसांच्या शेवटच्या आजारात त्यांच्यावर उपचार करणारे ते हेच. होमिओपॅथीबाबत माझं आणि त्यांचं जमलं नसतं, पण त्यांच्या दुसऱ्या कामापुढे मी हात जोडतो. भारतीयांनी स्वतःच्या बळावर विज्ञान संशोधन करावं म्हणून त्यांनी देणग्या गोळा केल्या आणि १८७६ साली ‘इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’ ही संस्था काढली. १९०४ साली ते गेले, तोवर संस्थेत व्याख्यानं होत होती. संशोधन मात्र त्यांच्या मनासारखं उभं राहिलं नव्हतं.

तीनच वर्षांनी अर्थखात्यात नोकरीला लागलेला एक अठरा वर्षांचा तमिळ मुलगा कलकत्त्यात आला आणि त्याने संस्थेची पाटी पाहिली. हे चंद्रशेखर वेंकट रामन. दिवसा सरकारी हिशेब, सकाळ-संध्याकाळ प्रयोगशाळा, असं त्यांचं दहा वर्षं चाललं. १९१७ साली सरकारी नोकरी सोडून ते कलकत्ता विद्यापीठात प्राध्यापक झाले.

रामन यांचा पहिला ध्यास प्रकाशाचा नव्हता, आवाजाचा होता. मृदंग आणि तबला यांतून इतका सुरेल नाद कसा निघतो, साध्या ढोलातून तसा का निघत नाही, यावर त्यांनी काम केलं होतं. शाईमुळे पुडीचं वजन बदलतं, आणि तिच्या कंपनांत सुरांची शिस्त येते, हे त्यांनी दाखवून दिलं. डॉक्टरला ही गोष्ट जवळची वाटते. आम्ही छातीवर बोट ठेवून दुसऱ्या बोटाने ठोकतो आणि आत हवा आहे की पाणी ते आवाजावरून ओळखतो. ही युक्ती लिओपोल्ड आऊएनब्रुगर या ऑस्ट्रियन डॉक्टरने १७६१ साली लिहून ठेवली. पिंप किती भरलं आहे हे ठोकून पाहण्याचीच ही रीत. आपल्याकडे बाजारात माठ घेताना बोटाने वाजवून पाहतात, तेही तेच. वस्तू न फोडता तिच्या आतलं कळतं, कारण प्रत्येक वस्तू तिच्या घडणीप्रमाणे कंप पावते.

रामन परिणामातही हेच घडतं. फरक इतकाच की इथे माठाच्या जागी रेणू असतो आणि बोटाच्या जागी प्रकाश.

समुद्राचा निळा रंग

१९२१ साली रामन इंग्लंडहून ‘नारकुंडा’ या बोटीने परत येत होते. भूमध्य समुद्राचा गडद निळा रंग पाहून त्यांना प्रश्न पडला. समुद्र निळा दिसतो तो आकाशाच्या प्रतिबिंबामुळे, असं तेव्हा मोठमोठे शास्त्रज्ञ मानत. रामन यांनी बोटीवरच साध्या उपकरणाने प्रतिबिंबाची चकाकी गाळून पाहिली. निळाई उरलीच, उलट जास्त खुलली. म्हणजे पाण्याचे रेणू स्वतःच प्रकाश विखुरत होते. या विषयावरचं त्यांचं ‘नेचर’ नियतकालिकातलं पत्र सप्टेंबर १९२१ मधलं आहे आणि त्याखाली पत्ता आहे मुंबई बंदराचा.

मग सात वर्षं द्रवांतून विखुरलेल्या प्रकाशाचा अभ्यास चालला. सूर्यप्रकाश भिंगाने एकवटायचा, रंगीत काचेतून गाळून एकच रंग ठेवायचा आणि तो शुद्ध द्रवात सोडायचा. बाजूने विखुरलेल्या प्रकाशात मूळ रंगाबरोबर दुसऱ्याच रंगाची अगदी फिकट छटा दिसे. आधी वाटलं, द्रवात भेसळ असेल. द्रव पुन्हा पुन्हा शुद्ध केले तरी छटा जाईना. के. एस. कृष्णन यांच्याबरोबर केलेल्या प्रयोगांतून २८ फेब्रुवारी १९२८ रोजी रामन यांची खात्री पटली की हा नव्या प्रकारचा प्रकाश आहे. पहिल्याच टिपणात त्यांनी लिहिलं की सुमारे साठ द्रवांत तो दिसला. त्याच फेब्रुवारीत मॉस्कोमध्ये लांड्सबर्ग आणि मांडेलश्टाम यांना क्वार्ट्झच्या स्फटिकात हीच गोष्ट दिसत होती. १९३० सालचं नोबेल मात्र एकट्या रामन यांना मिळालं. कृष्णन यांचं नाव आपल्या शाळांतल्या विज्ञान दिनाच्या भाषणांत क्वचितच येतं, याची मला नेहमी चुटपुट लागते.

आता घडतं काय ते पाहू. प्रकाशाचा कण रेणूवर आदळतो आणि बहुतेक वेळा आहे त्याच रंगाचा परततो. पण कधीतरी तो रेणूला थोडं कंप पावायला लावतो, त्यात त्याची थोडी ऊर्जा खर्च होते आणि परतताना त्याचा रंग किंचित बदललेला असतो. रंग किती सरकला, त्यावरून रेणूतला कोणता बंध हलला ते कळतं. प्रत्येक प्रकारच्या बंधाचं हे सरकणं ठरलेलं असतं. मोजण्याच्या रूढ पट्टीवर हाडातल्या कॅल्शियम फॉस्फेटची खूण ९६० च्या आसपास येते, फेनिलअ‍ॅलनिन या अमिनो आम्लाची १००४ च्या जवळ, चरबीची ठळक खूण १४४० च्या सुमारास आणि प्रथिनांच्या कण्याची १६५५ च्या आसपास.

ऊतीत हे सगळे पदार्थ एकत्र असतात, त्यामुळे येणारा वर्णपट म्हणजे सगळ्यांच्या खुणांची बेरीज. सुगरण बाई गोडा मसाला जिभेवर ठेवून सांगते, यात धणे जास्त पडलेत, खोबरं कमी भाजलंय, दगडफूल घातलेलंच नाही. संगणकाने वर्णपटाबाबत नेमकं हेच करायचं असतं.

बायोप्सीत याहून वेगळं घडतं. तुकड्याचे पातळ काप काढतात, निळ्या-गुलाबी रंगांत बुडवतात आणि पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकातून पेशींचा आकार, केंद्रक आणि मांडणी पाहतो. म्हणजे तो चाळीचा नकाशा बघतो. घराघरांत काय शिजतंय हे त्यातून थेट कळत नाही. रामन वर्णपट स्वयंपाकघरातलं सांगतो, नकाशा दाखवत नाही. दोन्ही माहिती उपयोगाची, पण एक दुसरीची जागा आपोआप घेत नाही.

साठ वर्षं का लागली?

अडचण पहिल्या दिवसापासून एकच होती. हा प्रकाश अतिशय क्षीण असतो. ढोबळ मानाने एक कोटी कणांत एखादाच कण रंग बदलून परततो. १९३० च्या दशकात पाऱ्याच्या वाफेचा दिवा लावून फोटोच्या काचेवर हा प्रकाश टिपायला तासन्‌तास, कधी कधी काही दिवस लागत. शुद्ध द्रवासाठी हे चालून जाई, नाशवंत ऊतीसाठी शक्य नव्हतं. तरी धडपड करणारे होते. १९२८ सालीच हार्वर्डमधून डॉक्टर झालेले जॉन एड्सॉल यांनी १९३० च्या दशकाच्या मध्यावर अमिनो आम्लांचे रामन वर्णपट टिपले. प्रथिनांच्या विटा कळल्या. भिंत अजून दूर होती.

१९६० साली लेसर आला आणि दिव्याचा प्रश्न सुटला. १९७० मध्ये एमआयटीतले रिचर्ड लॉर्ड आणि त्यांचे सहकारी यू यांनी लेसर वापरून लायसोझाइम या प्रथिनाचा वर्णपट प्रसिद्ध केला. अंड्याच्या पांढऱ्या बलकात आणि आपल्या अश्रूंत असणारं हे प्रथिन. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रामन बंगळूरला वारले.

शरीराच्या बाबतीत एक गोष्ट सोयीची होती. आपल्या शरीरात पाणी भरपूर, आणि अवरक्त किरणांच्या तपासणीत पाणी सगळं झाकून टाकतं. रामन प्रकाशात पाण्याची खूण फिकी पडते, त्यामुळे ओली, ताजी ऊती जशीच्या तशी तपासता येते. पण दुसरी गोष्ट तितकीच गैरसोयीची निघाली. निळा किंवा हिरवा लेसर टाकला की ऊती स्वतःच चमकायला लागते. या चमकेला फ्लुओरेसन्स म्हणतात आणि ती रामन प्रकाशाच्या कितीतरी पट जोरदार असते. गणपतीच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंतीसमोर उभं राहून शेजारच्याची कुजबुज ऐकायची, असा तो प्रकार.

यावर उपाय सापडला तो १९८० च्या दशकात. डोळ्याला जेमतेम दिसणारा किंवा न दिसणारा, लाल रंगाच्या पलीकडचा लेसर वापरला तर ऊती फारशी चमकत नाही. पण त्याची किंमत मोजावी लागते. लांब तरंगाचा प्रकाश कमी विखुरतो. आकाश निळं असण्याचं कारणही तेच. निळ्या ४८८ नॅनोमीटरच्या लेसरऐवजी ७८५ नॅनोमीटरचा वापरला तर आधीच क्षीण असलेला संकेत आणखी सहा-सात पट उतरतो. तो पकडायला सीसीडी हा संवेदनशील प्रकाशग्राही उपयोगी पडला. डिजिटल कॅमेऱ्यांमुळे घराघरांत पोचला तोच. त्यामुळे फोटोच्या काचेवर रात्रभर चालणारं काम काही सेकंदांवर आलं. १९९० साली नेदरलँड्समधल्या गेर्विन पुपल्स आणि सहकाऱ्यांनी एकेका जिवंत पेशीचा वर्णपट ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केला. इथून पुढे हा विषय भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतून इस्पितळाकडे सरकला.

रक्तवाहिन्या, स्तन आणि आकड्यांची गंमत

एमआयटीत मायकेल फेल्ड यांच्या प्रयोगशाळेने यात मोठा वाटा उचलला. मूळचे भारतातले रामचंद्र दसारी त्यांचे जवळचे सहकारी. त्यांनी सुरुवात केली रक्तवाहिन्यांपासून. हृदय प्रत्यारोपणाच्या वेळी काढलेल्या रोगट हृदयांतल्या १६५ नमुन्यांवर लेसर टाकून त्यांनी भिंतीत कोलेस्टेरॉल किती, कॅल्शियमचे क्षार किती, याचा अंदाज बांधला. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, काही नमुन्यांवरून नियम ठरवून उरलेल्या ६८ नमुन्यांवर ते लावले, तेव्हा ६४ चं वर्गीकरण बरोबर आलं. अँजिओग्राफीत वाहिनी किती अरुंद झाली ते दिसतं. भिंतीतला थर कशाचा बनला आहे हे त्यातून नीट कळत नाही. हार्ट अटॅकच्या दृष्टीने तर तेच महत्त्वाचं, म्हणून या कामाचं अप्रूप.

मग स्तनाची पाळी आली. मॅमोग्राफीत बारीक पांढरे ठिपके दिसतात, ते कॅल्शियमचे. अ‍ॅबिगेल हाका आणि सहकाऱ्यांनी २००२ साली दाखवलं की हे ठिपके कॅल्शियम ऑक्झलेटचे आहेत की हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइटचे, ते रामन वर्णपटावरून ओळखता येतं. ऑक्झलेटचे ठिपके बहुतांशी निरुपद्रवी जागी सापडतात, दुसऱ्या प्रकारचे दोन्हीकडे. मॅमोग्राफीत दोन्ही पांढरेच.

२००५ मध्ये याच गटाने ५८ स्त्रियांच्या काढलेल्या स्तन-ऊतींचा अभ्यास छापला. मुख्य आधार चरबी आणि कोलॅजन या दोन घटकांचा होता. निरोगी स्तनात चरबी भरपूर, फायब्रोअ‍ॅडिनोमा या साध्या गाठीत कोलॅजन फार आणि कर्करोगाचा तोल त्याहून निराळा. आकडे डोळे दिपवणारे होते. कर्करोग असताना तो ओळखला जाण्याचं प्रमाण ९४ टक्के, नसताना ‘नाही’ म्हणण्याचं ९६ टक्के. पुढच्याच वर्षी नऊ स्त्रियांच्या शस्त्रक्रियेत प्रत्यक्ष टेबलावर मोजमाप केलं, तेव्हा सर्जनच्या नजरेला न दिसलेला कर्करोगाचा एक उरलेला भाग रामन प्रोबने दाखवला. पॅथॉलॉजीच्या अहवालातही तो निघाला आणि त्या बाईंना दुसऱ्यांदा ऑपरेशनला जावं लागलं. त्या वेळी मशीनचं म्हणणं ऐकलं जात नव्हतं, फक्त नोंदवलं जात होतं.

बातम्या इथे थांबतात. आपण एक पाऊल पुढे जाऊ. २००९ साली या गटाने आपले आधीचे नियम जसेच्या तसे ठेवून २१ नव्या पेशंटच्या १२९ जागांवर लावले. ओळखण्याचं प्रमाण ८३ टक्क्यांवर आलं. ‘नाही’ला ‘नाही’ म्हणण्याचं ९३ टक्के राहिलं. तरीही वाईट वाटत नाही ना? आता तिसरा आकडा बघा. मशीनने ज्या जागांना ‘कर्करोग’ म्हटलं, त्यांतल्या फक्त ३६ टक्के जागी तो खरोखर होता.

हे विसंगत वाटतं, पण नाही. तपासलेल्या जागांत कर्करोगाच्या जागा मुळातच मोजक्या होत्या. निरोगी जागा शंभराहून जास्त असल्या की त्यांतल्या सात टक्क्यांना चुकून ‘कर्करोग’ म्हटलं, तरी हे चुकलेले खऱ्यांपेक्षा जास्त भरतात. मशीन ‘इथे काही नाही’ म्हणालं तर मात्र ते ९९ टक्के खरं होतं. हा हिशेब कुठल्याही तपासणीला लागू पडतो. लोकसंख्येत रोग विरळ असेल तर ९३ टक्के अचूक वाटणारी तपासणीही पुष्कळ निरोगी लोकांची झोप उडवते. या संशोधकांनी स्वतःच्या आधीच्या देखण्या आकड्यांची अशी परीक्षा घेतली आणि निकाल छापला, म्हणून मला त्यांच्याबद्दल विशेष आदर आहे.

व्हँकुव्हरच्या त्वचारोगतज्ज्ञांनी २०१२ मध्ये ४५३ पेशंटच्या ५१८ त्वचेच्या डागांवर केलेला अभ्यासही असाच प्रांजळ आहे. शंभरातले ९५ ते ९९ कर्करोग पकडायचे ठरवले, तर निरुपद्रवी डागांना ‘साधा’ म्हणण्याचं प्रमाण ५४ पासून थेट १५ टक्क्यांपर्यंत खाली येत होतं. जाळं बारीक केलं की कचराही जास्त अडकतो.

मुंबईशी नातं

मुंबई विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकलेल्या अनिता महादेवन-जॅन्सन अमेरिकेत गेल्या आणि गर्भाशयमुखाच्या रामन तपासणीत अग्रणी ठरल्या. त्यांच्या पिढीपुढची अडचण ऐकून मला हसूही आलं आणि कौतुकही वाटलं. शरीरात प्रकाश न्यायचा तर काचेची बारीक तार हवी. पण काचेवर लेसर पडला की काचसुद्धा स्वतःचा रामन प्रकाश देते! पेशंटऐवजी तारच आपली हकीकत सांगू लागते. म्हणून तारेच्या टोकाशी सूक्ष्म गाळण्या बसवाव्या लागल्या. १९९८ पर्यंत जिवंत स्त्रीच्या गर्भाशयमुखाची मोजमापं घेता येईल असा प्रोब तयार झाला. पुढे लक्षात आलं की पाळीच्या दिवसांप्रमाणे आणि पाळी गेल्यानंतर निरोगी ऊतीचा वर्णपटही बदलतो. ही गोष्ट हिशेबात धरली, तेव्हा अचूकता वाढली.

आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचं काम तोंडाच्या कर्करोगाचं. जगातल्या मुखकर्करोगाच्या रुग्णांपैकी साधारण एक तृतीयांश भारतात आहेत. तंबाखू, गुटखा, सुपारी, मिश्री यांची ही कमाई. भाभा अणुसंशोधन केंद्रात कारकीर्द घडलेले व्ही. बी. कार्था निवृत्तीनंतर मणिपालला गेले आणि तिथे काढलेल्या मुख-ऊतींचे रामन वर्णपट तपासण्याचं काम उभं राहिलं. त्या गटातले सी. मुरली कृष्णा पुढे नवी मुंबईत खारघरला, टाटा मेमोरियल सेंटरच्या अ‍ॅक्ट्रेक या संशोधन केंद्रात आले. तिथे टाटा रुग्णालयाच्या सर्जनांबरोबर त्यांनी प्रत्यक्ष पेशंटच्या तोंडात प्रोब लावून मोजमापं सुरू केली. इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रानेही या दिशेने स्वतंत्र काम केलं.

प्रोब गालाच्या आतल्या अस्तराला टेकवतात आणि काही सेकंदांत नोंद होते. दुखत नाही. निरोगी गालात चरबीच्या खुणा ठळक असतात. कर्करोगात त्या मागे पडतात आणि प्रथिनांच्या, डीएनएच्या खुणा पुढे येतात. मला सर्वांत अंतर्मुख करणारा निष्कर्ष मात्र वेगळाच आहे. तंबाखू खाणाऱ्यांच्या गालाचं अस्तर डोळ्यांना अगदी स्वच्छ दिसत असतानाही त्याचा वर्णपट न खाणाऱ्यांपेक्षा निराळा येतो. एका गालात कर्करोग असेल तर दुसऱ्या, ‘चांगल्या’ गालातही फरक सापडतो. म्हणजे चट्टा दिसण्याच्या कितीतरी आधी सगळं तोंडच बदलायला लागलेलं असतं. “मला अजून काही झालेलं नाही” म्हणणाऱ्या पेशंटला मी हे आवर्जून सांगतो.

मेंदू आणि एक उलटं वळण

मेंदूतल्या गाठी काढताना रोगट भाग कुठे संपतो आणि निरोगी कुठे सुरू होतो हे नजरेला कळत नाही. जास्त कापलं तर बोलणं किंवा हालचाल जाऊ शकते. माँट्रिअलमध्ये केव्हिन पेट्रेका आणि फ्रेडरिक लेब्लाँ यांच्या गटाने २०१५ मध्ये १७ पेशंटवर हातात धरायचा प्रोब वापरला. ०.२ सेकंदात नोंद, ९३ टक्के आणि ९१ टक्के असे दोन्ही बाजूंचे आकडे.

याहून पुढे गेलं ते ‘उत्तेजित रामन’ हे तंत्र. दोन लेसर एकत्र वापरून क्षीण संकेत जोरदार करायचा आणि ऊतीचं चित्रच काढायचं. डॅनिएल ऑरिंजर आणि सहकाऱ्यांच्या २०२० च्या अभ्यासात २७८ पेशंटच्या मेंदूतल्या गाठींची अशी चित्रं कृत्रिम बुद्धिमत्तेने वाचली आणि ९४.६ टक्के निदानं बरोबर केली. नेहमीच्या पद्धतीने पॅथॉलॉजिस्टनी ९३.९ टक्के. वेळ अडीच मिनिटांहून कमी, एरवी वीस-तीस मिनिटं लागतात. आता यातली गंमत अशी की इथेही तुकडा काढावाच लागतो. तो गोठवायचे आणि रंगवायचे कष्ट तेवढे वाचतात. म्हणजे ज्या रूपात हे तंत्र शस्त्रक्रियागृहात सर्वांत चांगलं रुजलं, ते रूप बायोप्सी टाळणारं नाहीच. ती लवकर वाचणारं आहे.

मग तुमच्या चट्ट्याचं काय?

सध्याच्या अडचणी तीन-चार प्रकारच्या आहेत. प्रकाश ऊतीत फार खोल जात नाही. नेहमीच्या प्रोबचा आवाका मिलिमीटरच्या घरातला, त्यामुळे यकृत किंवा फुप्फुस बाहेरून तपासायचा प्रश्नच येत नाही. वय, तंबाखूचे डाग, सूज, जाड झालेलं अस्तर या सगळ्यांनी वर्णपट बदलतो. मशीनला शिकवायला पॅथॉलॉजिस्टचाच निकाल वापरतात, म्हणून जिथे दोन पॅथॉलॉजिस्टचं एकमत होत नाही, तिथे मशीनही गोंधळतं. आणि मशिनींचंही आपसात पटत नाही. २०२० साली युरोपातल्या सात देशांतल्या १५ संस्थांनी आपल्या ३५ रामन यंत्रांवर तेच नमुने तपासून तुलना केली, तेव्हा यंत्रागणिक फरक आढळले. एक्स-रे पुण्यात काढा की नाशिकला, हाड मोडलेलं दिसतंच; या तंत्राला तो टप्पा अजून गाठायचा आहे.

या धूसर जागेत काही चलाख मंडळी शिरतात. हातात धातूची कांडी धरायला लावून मिनिटभरात यकृतापासून जीवनसत्त्वांपर्यंत चाळीस गोष्टींचा छापील अहवाल देणाऱ्या शिबिरांचा रामनशी काडीचाही संबंध नाही. तळहातावर निळा प्रकाश टाकून त्वचेतली कॅरोटिनॉइड्स मोजणारी यंत्रं मात्र खरोखर रामन तत्त्वावरच निघाली. ते मोजमाप खोटं नाही. त्या आकड्यावरून महागड्या गोळ्यांचा डबा खपवणं, हा तिथला खटाटोप.

तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम, तोंड कमी उघडणं, यांपैकी काहीही दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त राहिलं तर दाखवा आणि बायोप्सी सांगितली तर करून घ्या. चट्ट्याची बायोप्सी भूल देऊन काही मिनिटांत होते. तिच्यामुळे तोंडाचा कर्करोग पसरत नाही. पसरतो तो ती लांबवलेल्या महिन्यांत.

एखाद्या संशोधन केंद्रात रामन तपासणीच्या अभ्यासात सहभागी व्हाल का, असं विचारलं गेलं तर घाबरू नका. आधी माहितीपत्रक देऊन लेखी संमती घेतात, आणि नकार दिलात तरी उपचारात फरक पडता कामा नये. प्रोब टेकवल्यानंतर नेहमीची बायोप्सीही होते, कारण तुलना तिच्याशीच करायची असते. संशोधनासाठीच्या या तपासणीचे पैसे पेशंटने भरायचे नसतात. कोणी मागितले तर पावती मागा आणि माहितीपत्रकावर छापलेल्या एथिक्स कमिटीच्या क्रमांकावर फोन करा.